वर्दीतला माणूस आणि वस्तीतला माणूस
(ज्युलिओ रिबेरो यांच्या पंच्याण्णवीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांनी ५ मे २०२४ रोजी वयाची ९५ वर्षे पूर्ण केली. त्यांचा गौरव म्हणून आजचे हे व्याख्यान ठेवले आहे. विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काही जणांनी सरळच विचारले, "एका पोलीस अधिकाऱ्याच्या वाढदिवसाशी आपला काय संबंध?" विचारणाऱ्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. तो दिवस आपला समाज विसरलेला नाही आणि विसरणारही नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पण तिथपर्यंत पोचायला बारा वर्षे लागली. असा अनुभव गाठीशी असलेल्या समाजाने वर्दीचा सत्कार करताना दहा वेळा विचार करावा, हेच योग्य आहे.

म्हणून आधीच स्पष्ट करतो की आम्ही येथे वर्दीचा सत्कार करायला उभे नाही. वर्दी कशी वागवावी आणि ती उतरल्यावर माणसाने काय करावे, हे ज्याच्या आयुष्याकडे पाहून शिकता येते अशा एका ज्येष्ठ माणसाबद्दल आम्ही बोलणार आहोत. आपल्या वस्तीतली मुले-मुली पहाटे उठून १६०० मीटर आणि ८०० मीटर धावण्याचा सराव करतात, गोळाफेक शिकतात, रात्री अभ्यासिकेत भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करतात. उद्या त्यांच्यापैकी कुणी शिपाई होईल, कुणी फौजदार होईल. भरती कशी व्हावी हे शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. भरती झाल्यावर कसे वागावे, हे शिकवणारा माणूस मात्र शोधावा लागतो. रिबेरोसाहेबांकडे आम्ही त्या नात्याने पाहतो.

मित्रहो, प्रथम त्यांची थोडक्यात ओळख करून घेऊ. मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबात ५ मे १९२९ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. १९५३ साली ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. तेव्हा महाराष्ट्र राज्यही अस्तित्वात नव्हते, जुने मुंबई राज्य होते. १९८२ च्या आरंभी ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. पुढे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालक, गुजरातचे पोलीसप्रमुख, १९८६ मध्ये पंजाबचे पोलीस महासंचालक आणि त्यानंतर तेथील राज्यपालांचे सल्लागार अशी कामे त्यांनी केली. १९८७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ ते १९९३ ह्या काळात ते रुमानियात भारताचे राजदूत होते. पदांची ही यादी मोठी आहे, पण पदे तर अनेकांना मिळतात. त्या पदांवर असताना समोर काय वाढून ठेवले होते, हे पाहिले म्हणजे माणूस कळतो.

१९८२ साल आठवा. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. लालबाग, परळ, वरळी, नायगाव ह्या भागांतल्या आपल्या कितीतरी घरांच्या चुली त्या संपात विझल्या. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस शिपायांचा उद्रेक झाला. त्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक झाली आणि ज्यांनी रस्ता राखायचा तेच रस्त्यावर उतरले. शहरात लष्कराला पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी आयुक्तपदाची खुर्ची म्हणजे निखारा. शिस्त मोडणाऱ्यांवर कारवाई झाली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ती कारवाई योग्य की कठोर, यावर आजही दोन मते आहेत.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, त्या घटनेतला मुद्दा लक्षात घ्या. शिपाई का चिडला होता? राहायला जागा नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, हक्काची सुट्टी मिळेल याची खात्री नाही, वर साहेबाच्या बंगल्यावर घरगडी म्हणून राबायचे. १९७७ साली केंद्र सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांच्या ह्या हालअपेष्टांची दखल घेतली होती आणि त्याच अहवालात जनतेच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचाही विचार केला होता. हे दोन विषय एकाच अहवालात यावेत, यात मोठा अर्थ आहे. ज्या शिपायाला त्याचे वरिष्ठ माणूस म्हणून वागवत नाहीत, तो ठाण्याच्या दारात आलेल्या गरिबाला माणूस म्हणून वागवणे कठीण असते. उतरंडीत वरच्याने खालच्यावर आणि त्याने त्याच्या खालच्यावर राग काढायचा, ही रीत आपल्याला कुणी नव्याने समजावून सांगायची गरज नाही. पण म्हणून शिपायाचे वर्तन क्षम्य ठरते असेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुधारल्या पाहिजेत.

१९८५ साली गुजरातमध्ये इतर मागासवर्गीयांच्या वाढीव राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटले. पाहता पाहता त्याला जातीय दंगलीचे वळण लागले. त्या राज्यातले पोलीसच एप्रिलमध्ये बिथरले होते. अशा वेळी रिबेरोंना तेथे पोलीसप्रमुख म्हणून पाठवण्यात आले. तेथून ते दिल्लीला गृहखात्यात गेले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना पंजाबात जाण्यास सांगण्यात आले. हुद्द्याचा हिशेब केला तर ते पद त्यांच्या तेव्हाच्या पदापेक्षा खालचे होते. नाही म्हणायला सबळ कारण होते, तरी ते गेले. ३ ऑक्टोबर १९८६ रोजी जालंधरला पंजाब सशस्त्र पोलिसांच्या आवारातच त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर पोलिसांच्या वेशात आले होते. रिबेरो थोडक्यात बचावले. त्यांच्या पत्नी मेल्बा ह्यांना गंभीर दुखापत झाली आणि रक्षकांपैकी एक जवान ठार झाला. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला, त्यांच्यावर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी ते बासष्ट वर्षांचे होते. ते जखमी झाले, वाचले आणि देशात परतून पुन्हा कामाला लागले.

पंजाबचा उल्लेख केला की "गोळीला गोळी" हे शब्द हटकून निघतात. हा शब्दप्रयोग मूळचा आपला नव्हे, असे रिबेरोंनी म्हटले आहे. तरी तो त्यांना असा चिकटला की १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राला तेच नाव आले. पंजाबच्या त्या वर्षांत पोलिसांकडून झालेल्या अतिरेकांबद्दल मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी गंभीर प्रश्न विचारले आहेत. गौरवाचे भाषण आहे म्हणून ते प्रश्न आम्ही झाकून ठेवणार नाही. माणसाचा आदर करताना त्याच्या काळाची चिकित्सा सोडून द्यावी, असे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. उलट तपासून घ्या, मगच स्वीकारा, अशीच शिकवण आपल्याला मिळाली आहे.

आता आम्ही त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हे व्याख्यान ठेवावेसे वाटले. १९९३ मध्ये रिबेरो मुंबईत परतले तेव्हा हे शहर भाजून निघालेले होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे मेली. त्यानंतर मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. शेजारी शेजाऱ्याला घाबरू लागला आणि दोघेही पोलिसांना घाबरू लागले. चौसष्ट वर्षांचा, दोन हल्ल्यांतून वाचलेला, पद्मभूषण मिळालेला माणूस. त्याने घरी बसून वर्तमानपत्र वाचले असते तरी कुणी बोल लावला नसता. पण त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि इतर नागरिक यांच्याबरोबर रिबेरो मोहल्ला समित्यांच्या कामात उतरले.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्राच्या मातीतच रुजलेली होती. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू-मुसलमान नागरिक आणि पोलीस यांच्या एकत्र समित्या बांधल्या. त्यांत पुढारी कमी आणि साधी माणसे जास्त, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, तेव्हा ह्या कामाचे मोल सर्वांना कळले.

मुंबईतही तेच काम उभे राहिले. ते कसे चालते ते पाहा, कारण त्यात दिखाऊ असे काहीच नाही. पोलीस ठाण्याच्या हद्दीतले दोन्हीकडचे लोक ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात. बायका येतात, तरुण येतात, बीट अंमलदार येतो. नळाचे भांडण, गटार तुंबल्याची तक्रार, पोराने पोराला मारले, मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, ध्वनिक्षेपक किती वाजता बंद करायचा, असे विषय निघतात. वस्तीतल्या मुलांचे क्रिकेटचे सामने होतात. हे सगळे क्षुल्लक वाटते. पण दंगल पेटते ती अशाच क्षुल्लक ठिणगीवरून. ज्याच्याबरोबर आपण दर महिन्याला चहा पितो, त्याच्याबद्दल उठलेली अफवा आपण चटकन खरी मानत नाही. आणि ज्या हवालदाराने आपल्या आजीला नावाने ओळखले, त्याच्या ठाण्याची पायरी चढताना आजीचे पाय लटपटत नाहीत. ज्याच्या हाताखाली कधी काळी सबंध शहराचे पोलीस दल होते, त्या माणसाने उतारवयात अशा बैठकींच्या कामाला आपला वेळ द्यावा, याला आम्ही मोठेपणा म्हणतो.

दुसरे काम पोलीस सुधारणांचे. आपल्या देशात इंग्रजांनी १८६१ साली केलेला पोलीस कायदा स्वातंत्र्यानंतरही पाया म्हणून राहिला. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ ह्या काळात आठ अहवाल दिले आणि ते बहुतांशी धूळ खात पडले. १९९६ साली प्रकाश सिंह ह्या निवृत्त पोलीस महासंचालकांनी इतरांच्या सोबतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती चालू असताना १९९८ मध्ये सरकारने रिबेरोंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने ऑक्टोबर १९९८ आणि मार्च १९९९ असे दोन अहवाल दिले. अखेर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पोलीसप्रमुखांना आणि महत्त्वाच्या जागांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत असावी, तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करावीत, बदल्या-बढत्यांसाठी स्वतंत्र मंडळ असावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण असावे, असे आदेश त्यात आहेत. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून यातल्या काही गोष्टी आणल्या. पुष्कळ काम अजून कागदावरच आहे.

हा विषय साहेब लोकांचा, आपला काय संबंध, असे समजू नका. फिर्याद घ्यावी की नाही हे ठाणे अंमलदाराला कायद्याऐवजी एखाद्या पुढाऱ्याच्या दूरध्वनीवरून ठरवावे लागते, तेव्हा सर्वांत आधी कोणाची फिर्याद अडते? ज्याच्यासाठी कोणी दूरध्वनी करीत नाही त्याची. बदलीच्या धाकातून अधिकारी मोकळा झाला तर त्याचा पहिला लाभ गावकुसाबाहेरच्या माणसाला होईल. म्हणून पोलीस सुधारणा हा आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट निर्भीडपणाची. २०१५ साली अल्पसंख्य समाजावरील हल्ल्यांमुळे व्यथित होऊन, एक ख्रिस्ती नागरिक म्हणून आपल्याच देशात परके वाटू लागल्याची वेदना त्यांनी इंग्रजी दैनिकात लिहिली. सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, दिल्लीतील दंगलीचा तपास निःपक्ष व्हावा म्हणून त्यांनी थेट दिल्लीच्या पोलीस आयुक्तांना पत्र पाठवले. त्यांच्या मतांशी सहमत नसणारे पुष्कळ आहेत. पण निवृत्त माणसाने आपल्याच खात्यातल्या धाकट्यांना, आपल्या सहीने, उघडपणे कानपिचकी द्यावी, हे सोपे नसते. घरातला वडीलधारा माणूस धाकट्याला चारचौघांत बोलतो, कारण घराण्याची अब्रू त्याला प्यारी असते. मार्गदर्शक ह्या शब्दाचा आम्हाला कळलेला अर्थ हाच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी थोडे. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद तुम्ही टोपीवरच्या चिन्हात आणि ठाण्याच्या पाटीवर पाहिले असेल: "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय". त्यातला क्रम नीट पाहा. सज्जनांचे रक्षण पहिले आणि दुर्जनांचा बंदोबस्त नंतर. अनेक जण वर्दी चढवताच दुसरा शब्द पाठ करतात आणि पहिला विसरतात. तुम्ही पहिला विसरू नका.

वर्दी मिळाली तर तीन गोष्टी कायम ध्यानात ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची आहे. "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य तुमच्या तोंडी शोभणार नाही. दुसरी गोष्ट, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. हे तुम्ही शिपाई असलात तरी तुम्हाला ठाऊक असले पाहिजे, म्हणजे कागद चुकीच्या टेबलावर जाणार नाही. तिसरी गोष्ट, अटक झालेल्या माणसालाही हक्क असतात. नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट ह्या गोष्टी कृपा म्हणून द्यायच्या नसतात. डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घालून दिल्या आहेत.

आणि ज्यांना वर्दी मिळणार नाही, त्यांनाही काम आहे. ठाण्यात जाताना चारजणांचा घोळका नेऊन आरडाओरडा करण्यापेक्षा लेखी तक्रार, तारीख, वेळ, साक्षीदारांची नावे आणि पोच एवढे नीट केले तर अर्धी लढाई जिंकली. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आपल्या वस्तीतल्या किती जणांना हे माहीत आहे? हे माहीत करून देणे हे सुशिक्षित तरुणांचे काम आहे.

आपल्या संस्थेपुढे आम्ही एवढेच मागणे ठेवतो. हारतुरे एका दिवसात सुकतात. रिबेरोसाहेबांचा खरा गौरव करायचा असेल तर भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास कायद्याचा आणि संविधानाचा ठेवावा. आपल्या हद्दीतल्या ठाण्याच्या अधिकाऱ्यांना आणि शेजारच्या सर्व धर्मांच्या मंडळींना महिन्यातून एकदा आपल्या सभागृहात बोलवावे. चहा पाजावा, गटाराविषयी बोलावे, मिरवणुकीविषयी बोलावे. वाईट दिवस उजाडेल तेव्हा ओळख करून घ्यायला वेळ नसतो. ती चांगल्या दिवसांतच करून ठेवावी लागते.

रमाबाई नगरातल्या त्या दहा जणांची आठवण आपण ठेवतो ती केवळ दुःख म्हणून नव्हे. पुन्हा कुठल्या वस्तीवर तशी वेळ येऊ नये, यासाठी ठेवतो. वस्तीतून वर्दीत गेलेला माणूस वस्तीला विसरला नाही आणि वस्तीने वर्दीतल्या माणसाला जाब विचारण्याचा हक्क सोडला नाही, तर तशी वेळ टळू शकते. पंच्याण्णवी पार केलेल्या एका माणसाच्या आयुष्यातून आम्हाला एवढे कळले, ते आपल्यापुढे ठेवले. ज्युलिओ रिबेरो यांना आपणा सर्वांच्या वतीने आम्ही मानवंदना देतो.



जय भीम! जय भारत!